शिडीवर चढून बघायचं

बेगमपेठ विमानतळ म्हटलं की आम्हा जुन्या हैदराबादकरांना पाहुण्यांना सोडायला-आणायला जाणं आठवतं. मार्च २००८ मध्ये प्रवासी विमानं शमशाबादला गेली आणि आमचं तिकडे जाणं थांबलं. यंदा परवानगी काढून पुन्हा गेले, ती लेकीसाठी. ती तिथे विमान चालवायला शिकते. होकार मीच दिला होता, पण झोप माझीच उडाली होती.

तिचं विमान सेसना १७२. हे मॉडेल १९५५ साली पहिल्यांदा उडालं. एक इंजिन, चार जागा. पंख डोक्याच्या वर आणि इंधनाच्या टाक्या पंखांतच. म्हणून शेजारी घडीची शिडी होती, आपण माळ्यावरचे डबे काढायला वापरतो तशीच. फक्त ती पंखाला टेकवायची नाही. पत्रा पातळ असतो, पोचा पडतो.

"अभी भरे, मॅडम," तिथला मदतनीस म्हणाला. लेकीने हसून मान हलवली आणि तरीही शिडी चढली. झाकण उघडलं, मोजपट्टी बुडवून पाहिली, झाकण घट्ट लावलं. मग शिडी उचलून दुसऱ्या पंखाकडे.

"आत काटा असतो ना गं?"

"असतो, आई. पण त्याच्यावर विसंबायचं नाही. वर गेल्यावर गाडी बाजूला घेता येत नाही."

मग पंखाखालून पारदर्शक नळीत थोडं इंधन काढून तिने उजेडात धरलं. निळसर पेट्रोल. पाणी असेल तर ते जड म्हणून तळाशी दिसतं. ते इंजिनात गेलं तर इंजिन बंद पडू शकतं.

हैदराबादच्याच डेक्कन एअरवेजने प्रेम माथुर यांना वैमानिक म्हणून घेतलं होतं, भारतातली पहिली महिला व्यावसायिक वैमानिक. त्यांच्या आईलाही झोप लागत नसेल का, असं तिथे उभी असताना मनात आलं.

लेकीने शिडी मिटून स्वतः दूर नेऊन ठेवली, मगच ती आत बसली. घरी गॅस बंद केला का म्हणून तिला तीनदा विचारणारी मी, त्या दिवशी काहीच विचारलं नाही.

झोप अजूनही उशिराच लागते. पण ती उडते त्या सकाळी आता मी फोन करत नाही. तिला आधी शिडी चढायची असते.