वहीची मागची पानं

माझ्याकडे नववीची भूमितीची वही अजून आहे. पुढून उघडली की माझं अक्षर दिसतं. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. मागून उघडली की माझ्या मित्राचं. बारीक, उजवीकडे कललेलं, समासापर्यंत भरलेलं. मागची अकरा पानं त्याची आहेत. त्या पानांचं ऋण माझ्यावर आहे, आणि त्या ऋणाशी जोडलेली एक गोष्ट मी त्याला आजवर सांगितलेली नाही.

साल १९९६, गाव सातारा. त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये भारत, पाकिस्तान आणि श्रीलंकेत वर्ल्ड कप चालू होता. टीव्ही आमच्या घरी नव्हता, त्याच्याही नव्हता. पण तो पहाटे पेपरची लाइन टाकायचा. पुण्याहून गाडी आली की पोवई नाक्यावर गठ्ठे उतरायचे, पोरं फुटपाथवर बसून पुरवण्या घालायची आणि उजाडायच्या आत सायकली निघायच्या. खेळाचं पान तो रस्त्यावरच्या दिव्याखाली वाचायचा आणि शाळेत आला की ते माझ्या कानात रिकामं करायचा. आमचं बाक तिघांचं. खिडकीशी तो, मध्ये मी. भूमितीचा तास मधल्या सुट्टीच्या आधीचा.

२७ फेब्रुवारीला वानखेडेवर ऑस्ट्रेलियानं आपल्याला १६ धावांनी हरवलं. सचिन ९० वर यष्टिचित झाला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर समांतरभुज चौकोन होता आणि माझ्या डाव्या कानात मार्क वॉचा तो वाइड चेंडू. सचिन पुढे आलेला दिसला तसा त्यानं तो कसा बाहेर टाकला, यष्टिरक्षक हिलीनं बेल्स कशा उडवल्या. वहीतली त्या दिवशीची सिद्धता तिसऱ्या पायरीवर थांबली आहे. त्याच्या आधीच्याही काही तशाच थांबल्या आहेत.

चाचणीत मला २० पैकी ६ गुण मिळाले. वडील काही बोलले नाहीत. आईनं मात्र विचारलं, "लक्ष कुठं असतं?" मी त्याचं नाव सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तू त्याला सांगितलंस का, तासाला बोलू नको म्हणून?"

नव्हतं सांगितलं. सांगितलं तर तो तुटेल असं वाटायचं. चौदाव्या वर्षी मित्र तुटण्याइतकी मोठी भीती दुसरी नसते, असं मला आजही वाटतं. आणि खरं म्हणजे ऐकायला मलाही हवं असायचं. तो बोलायचा थांबला की "मग?" मीच विचारायचो.

मी सोपी वाट धरली. शिक्षकखोलीत जाऊन भूमितीच्या बाईंना म्हणालो, "बाई, माझी जागा बदला." बाईंनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं, कारण विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तास सुरू होताना त्यांनी मला पलीकडच्या रांगेत पहिल्या बाकावर बसवलं. त्याला वाटलं, बाईंनी आपणहून उठवलं. मी ते तसंच वाटू दिलं.

चौथ्या दिवशी दुसऱ्याच एका तासाला तो झोपला. कपाळ बाकावर, हातात उघडं पेन. त्या सरांनी त्याला उठवून सगळ्या वर्गासमोर विचारलं, रात्रभर मॅच बघत होतास काय? वर्ग हसला. तो काही बोलला नाही. उरलेला तास अंगठे धरून उभा राहिला. मी पहिल्या बाकावरून मागं वळून पाहत होतो. त्याच्या घरी टीव्ही नाही हे मला माहीत होतं. मी हात वर केला नाही.

मधल्या सुट्टीत नळावर त्याला गाठलं. त्यानं तोंडावर पाणी मारलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "गप बसलो की झोप येती रे. बोलत राहिलो की डोळे उघडे राहतात."

तो साडेतीनला उठतो हे मला ठाऊक होतं. वर्षभर ठाऊक होतं. पण साडेतीनला उठलेल्या माणसाचं सकाळी अकरा वाजता काय होत असेल, हा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता. ज्या बोलण्यानं माझा तास बुडत होता, त्याच बोलण्याच्या आधारानं तो तासाला बसत होता.

पुढचं मला बाईंकडून कळलं. शनिवारी शाळा सुटताना त्यांनी मला थांबवलं. म्हणाल्या, "तुझा मित्र आला होता. म्हणाला, चूक माझी आहे, मी तासाला बोलतो, त्याला परत आत बसवा, मी तोंड उघडणार नाही." मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "जागा तू मागितलीस, हे मी त्याला सांगितलेलं नाही. सोमवारपासून जुन्या जागेवर बस."

त्या दोन वाक्यांइतकं कुणी मला सांभाळून घेतलेलं मला आठवत नाही. रागावल्या असत्या तर मी विसरलोही असतो.

सोमवारी, ११ मार्चला, मी परत बाकावर गेलो. बाईंनी येताच सगळ्यांसमोर त्याला सांगितलं, "झोप आली तर खिडकीपाशी उभं राहून लिही. विचारायचंही नाही. आणि ही शिक्षा नाही." त्या तासाला तो दोनदा उठून उभा राहिला. कुणी हसलं नाही. मी पक्ष लिहिला, साध्य लिहिलं, आणि त्यानं माझी वही ओढून उलटी केली. मागच्या पानावर लिहिलं: "जडेजा, २५ चेंडूंत ४५. सुट्टीत वाच." आणि वही परत सुलट करून माझ्यापुढं ठेवली. पाकिस्तानविरुद्धची बंगळूरची मॅच शनिवारीच झाली होती. त्याच्या पोटात ती किती उसळत असेल ते मला कळत होतं.

तेव्हापासून तसंच चाललं. त्याला काही आठवलं की वही उलटायची, दोन ओळी लिहायच्या, वही सुलट. बदल्यात सुट्टीत चिंचेखाली तो म्हणायचा, "आता तुझं सांग." मी प्रमेय सांगायचो. तो प्रत्येक पायरीला "का?" विचारायचा. हे दोन कोन एकरूप का? व्युत्क्रम कोन म्हणून. व्युत्क्रम कोन एकरूप का? इथं मी अडायचो. घरी जाऊन पुस्तक उघडायचो, तरीही नाही सुटलं तर बाईंकडे जायचो. भूमिती मला अशी आली, त्याच्या "का"ला उत्तर द्यायचं म्हणून.

१४ मार्चचं पान मी पुष्कळदा वाचलं आहे. आदल्या रात्री ईडन गार्डन्सवर श्रीलंकेविरुद्ध उपांत्य सामना होता. त्यानं लिहिलंय: "९८ वर १ होतो. मग १२० वर ८. लोकांनी बाटल्या फेकल्या, मॅच त्यांना दिली. आज लाइनवर फाटकात कोणीच उभं नव्हतं. एरवी सात-आठ जण वाट बघत असतात. मी पेपर आवाज न करता ठेवले."

१७ तारखेला वर्ल्ड कप संपला, आणि मागच्या पानांवर त्याची लाइन सुरू झाली. कुठल्या बंगल्यातलं कुत्रं आता भुंकत नाही. कुठल्या आजोबांना पेपर दारात टाकलेला चालत नाही, हातातच लागतो. कुणाचं दोन महिन्यांचं बिल थकलंय आणि तरी तो पेपर का टाकतो. पावसाळ्यात गठ्ठ्याला झाकायला आईची जुनी साडी बरी की प्लॅस्टिक. नऊ महिने मी त्याच्या शेजारी बसून त्याचं बोलणं ऐकलं होतं. पण क्रिकेटखेरीज तो काही बोलू शकतो हे मला कळलं ते तो गप्प बसायला लागल्यावर.

वार्षिक परीक्षेत भूमितीत त्याला माझ्यापेक्षा दोन गुण जास्त मिळाले. निकालाच्या दिवशी तो ते पुनःपुन्हा मोजून बघत होता.

दहावीला आमच्या तुकड्या वेगळ्या झाल्या. नंतर मी शिकायला पुण्याला आलो. तो साताऱ्यातच राहिला. पेपरचंच काम वाढवलं, आता चार पोरं त्याच्याकडे लाइन टाकतात. गावी गेलो की भेटतो. पोरांपैकी कुणी शाळेत जाणारं असलं तर तो त्याला जवळची लाइन देतो, म्हणजे अर्धा तास जास्त झोपायला मिळतो. हे त्यानं मला सांगितलं नाही, त्या पोरांनी सांगितलं.

जागा मीच मागितली होती हे मात्र माझ्या तोंडून अजून निघालेलं नाही. बाई आता नाहीत. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही, म्हणजे आता ते फक्त मला माहीत आहे. यंदा दिवाळीला साताऱ्याला जाईन तेव्हा ही वही बरोबर नेणार आहे. त्याच्यापुढं ती मागून उघडायची, आणि सांगायचं.

शेवटच्या, अकराव्या पानावर एकच ओळ आहे. नववीच्या शेवटच्या तासाला लिहिलेली: "उद्यापासून बोललं तरी चालेल."