पुलाच्या त्या टोकाला

गेल्या आठवड्यात ज्युनियरने मसुदा पुढे ठेवला. "सर, गाडी पुलाच्या त्या टोकाला अडवली. तिथं गंगापूर तालुका लागतो, जिल्हाच बदलतो. आपल्या कोर्टाला अधिकारच नाही." मसुदा नेटका होता. मला माझा जुना अर्ज आठवला.

तोही प्रवरासंगमच्या पुलाचाच. ट्रकमध्ये गांजाच्या गोण्या, आरोपी क्लीनर, विशीतला. अर्जात मी अंतुले खटला घातला होता: सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली तो उच्च न्यायालयाकडे पाठवला आणि 1988 साली सात न्यायमूर्तींच्या पीठाने स्वतःचाच तो आदेश अधिकाराबाहेरचा ठरवला. बाररूममध्ये माझा अर्ज हातोहात फिरला. ज्येष्ठांनी पाठ थोपटली. ती शाबासकी मला अशिलाच्या सुटकेपेक्षा जास्त हवी होती.

अर्ज फेटाळला गेला. मी औरंगाबाद खंडपीठात गेलो, स्थगिती मिळवली, अकरा महिने खटला थांबला आणि तिथंही हरलो. हरणारच होतो. वाहतुकीचा गुन्हा गाडी जाईल तिथं तिथं घडत जातो. शिवाय खटला चुकीच्या जिल्ह्यात चालला एवढ्यावरून, अन्याय झाल्याचं दाखवल्याशिवाय, निकाल रद्द होत नाही. कोणत्या दर्जाचं न्यायालय, हा प्रश्न मात्र वेगळा आणि खरा. 2021 साली मुंबईच्या क्रूझवरच्या अमली पदार्थ प्रकरणात सरकार पक्षाने तोच उचलला आणि दंडाधिकाऱ्यांनी जामीनअर्ज आपल्यापुढे चालू शकत नाहीत म्हणून फेटाळले. मोबाइलवरून हद्दीचे तयार अर्ज उतरवून घेणाऱ्या वकिलांना हा फरक माहीत नसतो, याचा मला संताप येतो.

पण रात्री झोपू देत नाही तो त्या क्लीनरच्या खटल्यातला पंचनामा. वजन 22 किलो. गोण्यांसकट, सुटा पाला आणि बिया धरून. शेंड्यांशिवायचा पाला आणि बी कायद्याने गांजा नव्हे. ते वजा करा, आकडा 20 किलोंच्या खाली येतो आणि अमली पदार्थ कायद्याच्या कलम 37 ची जामिनाची कडक अट लागूच होत नाही. अकरा महिने तो कागद माझ्याच फायलीत होता. पुढे याच मुद्द्यावर तीन आठवड्यांत जामीन झाला.

ज्युनियरचा मसुदा मी परत दिला. मुद्देमाल कुणी, कशावर तोलला ते आधी पाहा म्हणालो. तिचा आरोपी अजून आत आहे.