दूरचा नेम, हातचे माप

मराठीत 'नेम' हा एकच शब्द दोन ठिकाणी वावरतो. वारीचा नेम असतो आणि बंदुकीचाही नेम असतो. दोन्ही धरावे लागतात आणि दोन्हींच्या बाबतीत 'नेम चुकला' असेच म्हटले जाते. शिकारी रायफलीने हजार मीटरांवरच्या कागदी निशाणाचा वेध घेण्याची, आणि त्यासाठी लागणारे काडतूस स्वतःच्या हातांनी भरण्याची जी विद्या जगाच्या काही भागांत जोपासली गेली आहे, तिच्याकडे पाहताना हे दोन अर्थ एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. कारण त्या विद्येत चाप ओढण्याचा क्षण अगदी लहान असतो आणि त्याआधी न चुकता, रोजच्या नेमाने करावयाची मापे फार मोठी असतात. परभणी जिल्ह्यात बसून अशा विद्येचा विचार करणे वरवर अप्रस्तुत वाटेल. परंतु ती ज्या दोन गोष्टींवर उभी आहे, ते दाण्याएवढे माप आणि मोकळ्या रानातली हवा, या दोन्ही गोष्टी येथल्या माणसाच्या नित्य परिचयाच्या आहेत.

काडतूस हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. आजच्या रायफलीच्या काडतुसाचे चार घटक असतात: पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसवलेली ठिणगी देणारी टोपी, म्हणजेच प्रायमर, पुंगळीच्या पोटातली बिनधुराची दारू, आणि तोंडाशी घट्ट बसवलेली, शिशाच्या गाभ्यावर तांब्याचे आवरण असलेली गोळी. बार उडाला की गोळी निघून जाते, दारू जळून जाते, टोपी निकामी होते. पुंगळी मात्र मागे राहते आणि काडतुसाच्या किमतीचा मोठा वाटा तिच्यातच असतो. ही फुगलेली पुंगळी स्वच्छ करून, साच्यात दाबून पूर्ववत मापाची करून, लांबलेली कड छाटून, नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी देऊन पुन्हा उभी करणे, यालाच हाताने काडतूस भरणे म्हणतात. काटकसर हे त्याचे एक कारण असले, तरी दूरच्या नेमाचा अभ्यासक त्याकडे वळतो तो दुसऱ्याच कारणाने: कारखान्यातले काडतूस त्या बोअरच्या हजारो रायफलींना चालेल असे केलेले असते, आणि त्याला ते स्वतःच्या एका नळीसाठी हवे असते, शिवाय पहिले आणि पन्नासावे काडतूस तंतोतंत सारखे हवे असते.

हे सारखेपण किती बारीक असावे लागते, ते दारूच्या वजनावरून कळते. दारू मोजण्याचे पाश्चात्त्य परिमाण 'ग्रेन' हे आहे. ग्रेन म्हणजे दाणा, आणि मुळात ते धान्याच्या दाण्यावरूनच ठरलेले आहे. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, सोनाराच्या गुंजेच्या जेमतेम निम्मे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने रब्बीसाठी दिलेल्या 'परभणी मोती' या टपोऱ्या, चमकदार ज्वारीचे दोन दाणे तळहातावर घेतले, तर साधारण एक ग्रेन वजन हातावर येते. मध्यम आकाराच्या रायफलीच्या एका काडतुसात सुमारे तीन ग्रॅम, म्हणजे ज्वारीच्या नव्वद-शंभर दाण्यांच्या भाराची दारू असते, आणि काटेकोर भरणारा मनुष्य तिच्यात ग्रेनच्या दहाव्या भागाचाही फरक पडू देत नाही, म्हणजेच शंभर दाण्यांच्या ढिगात एका दाण्याच्या पाचव्या हिश्शाची चूक तो चूक मानतो. तराजूच्या पारड्यात चिमटीतून दारूचा एकेक कण सोडताना त्याने श्वास रोखलेला असतो, कारण उच्छ्वासानेही काटा हलतो. हा हव्यास वाटेल. पण दारूतील, पुंगळीतील किंवा टोपीतील लहान-लहान फरकांमुळे गोळीचा आरंभीचा वेग सेकंदाला केवळ दहा मीटरांनी कमी झाला, तरी हजार मीटरांवर ती जवळजवळ फूटभर खाली लागते. तेवढ्या अंतरावर कोनाची एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, हीसुद्धा २९ सेंटीमीटरच होते. टेबलावर झालेली चूक तेथे दिसत नाही. ती हजार मीटर पलीकडे जाऊन दिसते.

या ठिकाणी तिफणीची आठवण होणे स्वाभाविक आहे. यांत्रिक पेरणी रूढ होण्यापूर्वी मराठवाड्याच्या काळ्या रानात तिफणीमागे चालणारी व्यक्ती चाड्यावर मूठ धरीत असे. चाडे म्हणजे लाकडी वाटीसारखा भाग, त्याच्या तळाच्या छिद्रांतून बी पोकळ नळ्यांत उतरते आणि फणांनी काढलेल्या सऱ्यांत पडते. बी किती पडावे हे कोणतेही यंत्र ठरवीत नसे. बैलांची चाल, ओलीचा अंदाज आणि मुठीतून सरकणाऱ्या दाण्यांचा स्पर्श यांवरून बोटेच ते ठरवीत. मूठ सैल झाली की दाट पडे, आवळली की खाड पडे, आणि ही चूक त्या दिवशी कोणालाच दिसत नसे. ती आठ-दहा दिवसांनी कोंब वर आले की साऱ्या शिवाराला दिसे. काडतूस भरणाऱ्याचा तराजू आणि पेरणाऱ्याची मूठ यांच्यात साधनांचे अंतर मोठे आहे, परंतु फळ दूर आणि निर्णय जवळ, हे दोघांचेही प्राक्तन एकच आहे. म्हणूनच या विद्येला केवळ श्रीमंतांचा छंद म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे ठरते.

गोळी नळीबाहेर पडली की माणसाचे माप संपते आणि रानाचे सुरू होते. परभणीचा बराचसा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंचीवर, गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यांत सपाट पसरलेला आहे. उत्तरेकडे जिंतूरच्या बाजूला तेवढ्या डोंगररांगा उठतात. अशा सपाट रानावर, शंभर मीटरांवर नेम जुळवलेल्या, ३०-०६ सारख्या प्रचलित शिकारी रायफलीची गोळी हजार मीटरांवर पोहोचेपर्यंत नेमाच्या रेषेखाली दहा-बारा मीटर उतरलेली असते, म्हणजे तीन मजली इमारतीच्या माथ्यावर रोख धरावा तेव्हा ती पायरीशी लागते. हा उतार गणिताने नेमका काढता येतो. वारा मात्र तसा सापडत नाही. ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा, ज्याने तुरीची पाने नुसती सळसळतात, तो तेवढ्या अंतरावर गोळीला दोन मीटरांहून अधिक बाजूला नेतो. पृथ्वीच्या फिरण्याचाही वाटा असतो. परभणीच्या १९ अंश अक्षांशावर तो हजार मीटरांना सुमारे चार सेंटीमीटर उजवीकडे येतो, आणि वाऱ्यापुढे तो नगण्य असला तरी नेमबाजाच्या वहीत त्याची नोंद असते.

ऋतूचा फरक त्याहून मोठा. पौषात पहाटे पारा सहा-सात अंशांवर असतो, वैशाखात दुपारी बेचाळीस अंशांपलीकडे जातो. एवढ्या फरकाने हवेची घनता दहा-अकरा टक्क्यांनी उतरते. उन्हाळ्यातल्या विरळ हवेत गोळीला अडथळा कमी होतो, तापलेली दारूही अधिक जोराने पेटते, आणि हिवाळ्यात जुळवलेला नेम उन्हाळ्यात वर लागू लागतो. शिवाय वैशाखातल्या काळ्या जमिनीवर, भेगाळलेल्या ढेकळांच्या वर, जी झळ नाचते तिच्यामुळे दूरचे निशाण दुर्बिणीतही पाण्यात बुडालेल्या वस्तूसारखे हलते. मृगजळ म्हणून मराठी साहित्याने ज्याला फसवणुकीचे रूपक केले, त्याच झळांना नेमबाज वाचतो: झळा उजवीकडे झुकल्या तर वारा डावीकडून, झुकाव जास्त तर वारा जोरकस, आणि सरळ वर उकळत असतील तर वारा थांबलेला आहे किंवा नेमाच्या रेषेतूनच वाहतो आहे. ज्या गोष्टीने हरणाला फसवले ती येथे साक्षीदार होते. या विद्येतली ही सर्वांत सुंदर गोष्ट मानावी लागेल.

या विद्येच्या इतिहासात एक मराठी नाव अनपेक्षितपणे कायम झालेले आहे. इंग्लंडमध्ये राष्ट्रीय रायफल संघटनेची पहिली स्पर्धा १८६० साली विंबल्डनच्या माळावर भरली, तेव्हा राणी व्हिक्टोरियाने पहिला बार चारशे यार्डांवर उडवला. तिने वापरलेली व्हिटवर्थ रायफल ठासणीची होती, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी गजाने ठासून भरावयाची होती. त्या काळी प्रत्येक बार हाताने भरलेलाच असे. १८७० साली कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज विलायतेला गेले, आणि त्यांनी दिलेल्या करंडकासाठी १८७१ पासून मायदेश आणि वसाहती यांच्या संघांत सामना होऊ लागला. बिझ्ली येथे आजही खेळला जाणारा हा सामना 'कोलापूर' याच नावाने ओळखला जातो आणि तो तीनशे, पाचशे आणि सहाशे यार्डांवर होतो. महाराजांनी मात्र तो पाहिला नाही. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी, विशीतच, फ्लॉरेन्समध्ये त्यांचे निधन झाले.

इकडे भारतात त्याच सुमारास, १८६९ साली, पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला होता. भारतातल्या परवानाधारकाच्या पेटीत जी शिकारी काडतुसे सापडतात, त्यांच्या बुडावर टोपीभोवती कोरलेली 'के. एफ.' ही अक्षरे याच कारखान्याची. ३०३ हा लष्कराचा बोअर नागरिकाला वर्ज्य असल्यामुळे ३१५ बोअरची शिकारी रायफल येथे रूढ झाली, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमाने परवान्याशिवाय दारूगोळा तयार करण्यास मनाई केली. अमेरिकेत घरच्या टेबलावर चालणारे काम येथे कठोर शिक्षेचा गुन्हा ठरते. ज्या देशाने गावठी कट्ट्यांची हिंसा पाहिली आहे तेथे ही सावधगिरी योग्यच म्हटली पाहिजे. परंतु तिची किंमत म्हणून एक सूक्ष्म ज्ञानशाखा आपल्याकडे पुस्तकातच राहिली, हेही नोंदवले पाहिजे.

मराठी नेमबाजांचे यश त्यामुळे दुसऱ्या वाटेने आले. २०१० साली म्यूनिकमध्ये तेजस्विनी सावंत यांनी पन्नास मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथे झोपून करावयाच्या नेमबाजीत, विश्वविजेतेपद मिळवले. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक घेतले. या प्रकारांत २२ बोअरचे काडतूस वापरतात, ज्याच्या बुडाच्या कडेतच ठिणगीचे मिश्रण असते आणि जे पुन्हा भरताच येत नाही. म्हणून तेथे भरण्याऐवजी निवड करतात: एकाच घाण्यातल्या काडतुसांचा 'लॉट' घेऊन, नळी शिकंज्यात आवळून, कोणत्या लॉटच्या गोळ्या सर्वांत जवळ-जवळ पडतात ते पाहतात. निशाणाचा मधला वर्तुळाकार भाग १०.४ मिलिमीटरचा, म्हणजे बोटाच्या नखाएवढा असतो. माप येथेही तेच, फक्त ते हातातून डोळ्याकडे गेले आहे.

राहता राहिली शिकारी रायफल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तिचे मूळ प्रयोजन जवळजवळ संपले. परभणीच्या शिवारात काळवीट आहे, रानडुक्कर आहे, रोहीही आहे. त्यांच्यापासून पीक राखणारा शेतकरी थंडीत माळ्यावर बसून रात्र काढतो, आणि त्याचे दुःख खरे आहे. तरीही ज्या हत्याराचा सारा घाट प्राण घेण्यासाठी घडला, ते कागदाकडे वळवण्यात एक मोठी गोष्ट घडते, कारण कौशल्य सगळे उरते आणि रक्त उरत नाही. जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या गुंफांत नेमिनाथांची मूर्ती आहे. स्वतःच्या लग्नाच्या मेजवानीसाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून ते वरातीतूनच मागे फिरले, अशी त्यांची कथा जैन परंपरा सांगते. त्या टेकडीवरून दक्षिणेकडे पाहिले की काळी राने क्षितिजापर्यंत जातात, आणि उन्हाळ्यात दुपारी त्यांच्यावर झळा एका बाजूला झुकलेल्या दिसतात.