तिघांपुरती टर्की

अमेरिकेत नोव्हेंबर लागला की टर्कीच्या पाककृतींचा पूर येतो. त्यातल्या बहुतेक बारा-चौदा पौंडांच्या पक्ष्यापासून सुरू होतात. बारा पौंड म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास. घरात दहा-बारा माणसं आहेत, जेवणाचं टेबल लांबवता येतं, कुणीतरी बटाटे कुस्करतंय, कुणीतरी पाय घेऊन येणार आहे, हे सगळं या पाककृती गृहीत धरतात. दोघांनी किंवा तिघांनी थँक्सगिव्हिंग करायचा म्हटलं, तर 'कोंबडी भाजा' असा सल्ला मिळतो. सल्ला शहाणपणाचा असतो, पण कोंबडी एरवीही भाजली जातेच. सणाचं जेवण निम्मं तरी सणासारखं दिसायला हवं.

अशा घरांसाठी दुकानात टर्कीची नुसती छाती मिळते. हाडासकट, कातडीसकट, पाच-सहा पौंडांची. पाय नाहीत, पंख नाहीत. मोठ्या पक्ष्यांच्या ढिगाशेजारी ती एका कोपऱ्यात ठेवलेली असते. एकतीस वर्षं न्यू जर्सीत काढल्यावर यंदा पहिल्यांदा मी त्या कोपऱ्यापाशी थांबले.

मुलगा सिएटलला असतो, त्याला सुट्टी नव्हती. आमचा जुना मराठी कंपू, ज्यात एके काळी चौदा पानं व्हायची, तो आता टेक्सास, नॉर्थ कॅरोलायना आणि पुण्यात विखुरला आहे. उरलो मी, नवरा आणि शेजारचे आजोबा. मी त्यांना नावानेच हाक मारते, इथला रिवाजच तसा. पण घरात मराठीत बोलताना ते आजोबाच असतात, कारण मुलाने लहानपणापासून त्या दोघांना आजी-आजोबा केलं होतं. आजी मार्चमध्ये गेल्या.

आम्ही या घरात आलो त्या वर्षी थँक्सगिव्हिंगला त्यांनी आम्हाला बोलावलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा टर्की खाल्ली ती त्यांच्याकडे. त्यानंतरची कित्येक वर्षं दुपारी त्यांच्याकडे आणि रात्री आमच्या कंपूत असा दुहेरी कार्यक्रम चालायचा. कंपूतली टर्की आलं-लसूण-दह्यात मुरवलेली, तिखटजाळ; आजींची लोणी आणि सेजच्या पानांची, सौम्य. मुलाला दोन्हीकडचा पाय लागायचा. यंदा फोनवर त्याने विचारलं, "आई, नुसती ब्रेस्ट? मग पाय?" मी म्हटलं, "अरे, पाय खाणाराच येत नाहीये."

हा पक्षी मूळचा इथलाच. मेक्सिकोतल्या लोकांनी तो युरोपीय येण्याच्या कितीतरी आधी माणसाळवला होता. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला तो युरोपात नेला आणि तिथून नावांचा घोळ सुरू झाला. इंग्रजांना वाटलं, हा तुर्कस्तानातून आला, म्हणून टर्की. तुर्कांनी त्याला नाव दिलं 'हिंदी'. फ्रेंचांचं 'दँद' म्हणजे हिंदुस्थानातलं, डचांचं 'काल्कून' आपल्या कालिकतवरून. पोर्तुगीज त्याला 'पेरू' म्हणतात. आपण पेरू म्हटलं की मीठ-तिखट लावलेल्या फोडी आठवतात. जो तो हा पक्षी दुसऱ्याचा म्हणून सांगतो.

आणि हिंदुस्थानात तो आलाच. १६१२ साली जहांगीर बादशहाच्या मुकर्रबखान नावाच्या सरदाराने गोव्याहून ज्या नवलाईच्या वस्तू आणल्या, त्यांत टर्कीही होती. तिचं डोकं आणि मान क्षणाक्षणाला रंग कशी बदलते, याचं वर्णन बादशहाने आपल्या आठवणींत केलं आहे. उस्ताद मन्सूरने काढलेलं त्या पक्ष्याचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. आजोबांना मी एकदा ते चित्र फोनवर दाखवलं होतं. ते आजींना म्हणाले, "बघ, तुझ्या टर्कीपेक्षा ही जास्त रुबाबदार आहे." आजी म्हणाल्या, "तिला अजून ओव्हन दिसलेला नाही."

दुकानातली टर्की मात्र त्या चित्रातल्यासारखी राहिलेली नाही. जंगलातली टर्की थोडं अंतर का होईना उडते, रात्री झाडावर बसते. पाळीव जातीची छाती माणसाने पिढ्यानपिढ्या निवड करून इतकी वाढवली, की ती उडू शकत नाही आणि नर-मादीचा नैसर्गिक संगही होत नाही. पैदास कृत्रिम रेतनानेच करावी लागते. पायांना दिवसभर काम असतं, म्हणून तिथल्या स्नायूंत प्राणवायू साठवणारं मायोग्लोबिन जास्त आणि मांस गडद. छातीला काम नाही, म्हणून ते पांढरं. त्यात चरबी कमी, जोडपेशी कमी. नीट शिजलं तर मऊ, जरा जास्त झालं तर भुसा.

अख्खी टर्की भाजताना खरी पंचाईत इथेच होते. पाय चवदार लागायला १७५ अंश फॅरनहाइटच्या आसपास जावे लागतात, तेव्हा कुठे त्यांतल्या चिवट पेशी विरघळतात. छातीला १६५ पुरतात. पाय होईपर्यंत थांबलं तर छाती कोरडी पडते आणि छाती झाल्यावर काढलं तर पाय चिवट राहतात. एकत्र कुटुंबासारखंच आहे हे: सगळ्यांनी एकाच वेळी तयार व्हायचं, आणि जो लवकर होतो तो इतरांसाठी थांबून वाळतो. नुसती छाती भाजायची तर कुणासाठी थांबायचं नसतं. म्हणजे पाकशास्त्राच्या हिशेबाने तिघांची टर्की चौदा जणांच्या टर्कीपेक्षा चांगली व्हायला हवी. हे पटायला मला वेळ लागला, कारण आपल्याकडे जेवणाची चव पंगतीवरून ठरते.

आमची छाती साडेपाच पौंडांची, म्हणजे अडीच किलोची होती. गोठलेली टर्की फ्रीजमध्ये वितळायला दर चार-पाच पौंडांना एक दिवस लागतो. म्हणून ती रविवारी खाली काढली. घेतानाच वेष्टन वाचलं होतं: कित्येक छात्यांमध्ये मिठाचं पाणी आधीच टोचलेलं असतं आणि तसं बारीक अक्षरात छापलेलं असतं. अशीला वरून मीठ लावलं तर ती खारट होते. मला बिनटोचलेली हवी होती, कारण मीठ आपल्या हातानेच लावायचं होतं.

मंगळवारी रात्री मांस पुसून कोरडं केलं. कातडी आणि मांस यांच्यामध्ये बोटं सरकवून ती फाटू न देता सैल केली आणि पौंडाला अर्धा चमचा या हिशेबाने जाडं मीठ आतबाहेर चोळलं. मग ताटलीत, न झाकता, फ्रीजमध्ये. आधी मिठाने पाणी सुटतं, त्या पाण्यात मीठ विरघळतं, आणि पुढच्या काही तासांत ते परत आत मुरतं. मीठ स्नायूंतली काही प्रथिनं सैल करतं, त्यामुळे शिजताना मांस कमी आवळतं आणि पाणी धरून ठेवतं. उघडी ठेवल्याने कातडी सुकते, ती नंतर कुरकुरीत होते. दीड दिवस काही करायचं नसतं. फ्रीज उघडला की ती दिसते, एवढंच.

आजींचं कार्ड माझ्याकडे आहे. फार वर्षांपूर्वी त्यांनीच लिहून दिलेलं, एका कोपऱ्यावर लोण्याचा डाग. सेज, थाइम, लोणी, कांदा, सेलरी, सगळं त्यावर आहे. पण सगळं अठरा पौंडांच्या पक्ष्यासाठी. ३२५ अंशांवर सव्वाचार तास. नवरा इंजिनिअर. त्याने कार्ड हातात घेऊन लगेच त्रैराशिक मांडलं: "अठराला सव्वाचार, तर साडेपाचला एक तास अठरा मिनिटं." मी म्हटलं, "नाही होत तसं." उष्णता बाहेरून आत जाते, त्यामुळे तुकडा किती जाड आहे त्यावर वेळ ठरते. वजन एक तृतीयांशाच्या खाली आलं तरी जाडी तितकी कमी होत नाही. अशा छातीला दोन तासांच्या आसपास लागतात. लोणी आणि पाला मात्र कमी केला तर चालतो. कार्डावरचं काय वाटून घ्यायचं आणि काय नाही, हे पुन्हा पहिल्यापासून ठरवावं लागलं.

आमची आलं-लसणाची टर्की करायची की आजींची, हा प्रश्न होता. त्यांची केली तर आजोबांच्या पानात नेमकी ती चव पडणार, जिच्यासाठी ते कदाचित तयार नसतील. न केली, तर आपण मुद्दाम टाळलं हे त्यांना कळणारच. दुःखाच्या घरी गोड करायचं नाही हे आपल्याला शिकवलेलं असतं. पण वर्षाच्या आतला परका सण आला तर काय, हे कुणी सांगितलेलं नसतं.

उत्तर मला या सणाच्या इतिहासात मिळालं. १६२१ सालच्या प्लिमथच्या ज्या जेवणाची गोष्ट शाळेत शिकवतात, त्याबद्दल एडवर्ड विन्स्लोच्या पत्रात रानपक्ष्यांचा आणि वाम्पानोआग लोकांनी आणलेल्या पाच हरणांचा उल्लेख आहे. टर्कीचं नाव नाही. त्या मूळ रहिवाशांच्या वंशजांसाठी आणि इतर आदिवासी समाजांसाठी हा दिवस आनंदाचा नाही. १९७० पासून ते प्लिमथला याच दिवशी शोकदिन पाळतात. आणि राष्ट्रीय सण म्हणून त्याची दरवर्षीची परंपरा सुरू झाली ती १८६३ साली, यादवी युद्धाच्या ऐन मध्यावर. सेरा जोसेफा हेल या संपादक बाईंनी वर्षानुवर्षं अध्यक्षांना पत्रं लिहून पाठपुरावा केला आणि शेवटी लिंकनने घोषणा काढली. त्या घोषणेत सुगीबद्दल आभार आहेत, आणि त्याबरोबरच युद्धाने विधवा, अनाथ आणि शोकाकुल केलेल्यांची आठवण ठेवायला सांगितलं आहे. म्हणजे या टेबलावर दुःखाला बंदी कधीच नव्हती. मी आजींचं कार्ड काढलं.

गुरुवारी बारा वाजता ओव्हन लावला. खाली कांदा, गाजर आणि सेलरीचे जाड तुकडे, वर छाती, कातडीच्या आत लोणी, सेज आणि थाइम. दीड तासानंतर थर्मामीटर सर्वांत जाड भागात, हाडाला न लावता, खुपसून पाहायला सुरुवात केली. १६० अंश दिसले तेव्हा बाहेर काढली आणि वर फॉइल सैल टाकून वीस मिनिटं ठेवली. बाहेर काढल्यावरही आतलं तापमान चढत राहतं. १६५ झालेलं पुन्हा थर्मामीटरने पाहिलं, मगच सुरी.

सुरी आजोबांची. ते दोन वाजता आले ते एका हातात क्रॅनबेरी जेलीचा डबा आणि दुसऱ्या हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेली त्यांची लांब सुरी घेऊन. फोनवर तीनदा "माझ्यासाठी काही करू नका" म्हणालेला माणूस सुरी घेऊन आला, म्हणजे काय ते मी समजले. त्यांनी छातीकडे पाहिलं. म्हणाले, "बाकीची कुठे गेली?" नवरा म्हणाला, "टेक्सासला." ते हसले.

आडव्या धाग्यात कापायचं हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. एकेक बाजू हाडापासून अख्खी सोडवून त्यांनी बोटाएवढ्या जाडीचे काप केले. मांस ओलसर होतं, कापताना रस फळीवर आला. कडेचा, सगळ्यात कुरकुरीत कातडीचा तुकडा त्यांनी वेगळा काढला आणि थाळीच्या काठावर ठेवला. तो आजींचा. दर वर्षी तो तसाच बाजूला निघायचा. ठेवल्यावर त्यांचा हात थांबला. आम्ही काही बोललो नाही. तिघांच्या टेबलावर गप्पपणा झाकायला दुसरं कुणी नसतं. मग ते म्हणाले, "सेज बरोबर पडलंय," आणि आम्हाला वाढू लागले.

जेवताना ते त्यांच्याबद्दल बोलले. मार्चनंतर पहिल्यांदाच, इतकं. चौदा जणांत हे झालं नसतं. कुणीतरी फुटबॉलचा स्कोअर विचारला असता, कुणीतरी ग्रेव्ही मागितली असती, आणि ते आपले हसत बसले असते. निघताना डबा भरला तेव्हा काठावरचा तुकडा त्यांनी स्वतः उचलून त्यात टाकला. "रात्री खाईन," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हाडं, कांद्याची टोकं आणि मिरीदाणे घालून तीन तास पाणी उकळलं. गाळून त्यात मऊ भात आणि वरून तूप. मोठी बरणी भरून पलीकडे दिली. हाडासकट माणशी एक-दीड पौंड धरतात. आम्हाला शिळं पकडून सोमवारपर्यंत पुरलं. पुढच्या वर्षी टेबलावर किती माणसं असतील ते आत्ता कोण सांगणार. पण साडेपाच पौंडांचं माप मी आजींच्या कार्डाच्या पाठीमागे लिहून ठेवलंय, वेळेसकट.