भरिताचे आमंत्रण

पानावर काय वाढणार आहेत हे आधी विचारू नये, असा आमच्या आजीचा दंडक होता. वाढतील ते मुकाट्याने खावे आणि वाढणारीचे मन राखावे. मोठा झाल्यावर मला वाटू लागले की, हा दंडक गरिबीतून आला असावा. विचारून तरी भाकरीवाचून दुसरे काय निघणार होते! परंतु वाचकहो, हाच दंडक हल्ली मुंबईत भारी किमतीला विकला जातो, असे आजीला कोणी सांगितले असते तर तिने तोंडाला पदर लावला असता.

या प्रकाराला ‘टेस्टिंग मेनू’ म्हणतात. पाहुण्याने निवड करायची नाही. मुदपाकखान्याचा धनी जे आणि ज्या क्रमाने पाठवील ते घ्यायचे. फ्रेंचांनी ही तऱ्हा जगभर नेली आणि जपानात काइसेकी नावाची तिची एक वडीलधारी बहीणही आहे. मुंबईत २०१६ साली महालक्ष्मीच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात ‘मास्क’ नावाचे उपाहारगृह निघाले, तेथे अशाच जेवणाचा परिपाठ आहे. त्यानंतर तसली आणखीही काही ठिकाणे झाली. त्यांपैकी एका ठिकाणी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने गेल्या कार्तिकात मला आग्रहाने नेले. केशवसुतांवरची माझी व्याख्याने मागच्या बाकावर झोपून ऐकणारा हा मुलगा आज मोठ्या हुद्द्यावर आहे. बिलाकडे मात्र त्याने मला पाहू दिले नाही.

नऊ ताटल्या आल्या. प्रत्येक ताटली परातीएवढी आणि तिच्यावरचा घास सुपारीएवढा. पण चव खोटी नव्हती, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. सहाव्या ताटलीत रुपयाएवढी ज्वारीची भाकरी आणि तिच्यावर चमचाभर भाजलेले वांगे होते. वाढणारा तरुण अदबीने वाकून त्या वांग्याची जन्मकथा सांगू लागला: ते कुठल्या मातीतले, कशाच्या धुरात भाजले, वगैरे. माझा विद्यार्थी म्हणाला, “सर, हे तर तुमच्याकडचंच ना?”

“हो,” मी म्हणालो आणि घास तोंडातच घोळू लागला. सावद्याचे भरीत मी अकरा वर्षांत खाल्ले नव्हते. आणि त्याच सावद्यातली माझ्या वाट्याची जमीन विकण्याचे मी त्या आठवड्यात ठरवले होते.

सावदा हे जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यातले गाव. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मध्ये काळ्या मातीचा पट्टा. इंग्रजी अमदानीत एके काळी तालुक्याला नावच सावद्याचे होते. १८५२ साली सरकारी जमीनमोजणीविरुद्ध या भागातले शेतकरी मोठ्या संख्येने उठले आणि सरकारला फौज आणावी लागली. शेजारचे फैजपूर तर सर्वांना ठाऊक आहे. १९३६ च्या डिसेंबरात खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन तेथले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू आणि बांबू-बोरूंनी नगर सजवणारे नंदलाल बोस. परंतु बाहेरच्या जगाला सावदा माहीत आहे ते केळीमुळे. भुसावळहून खांडव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सावदा स्टेशन आहे. माझ्या लहानपणी केळीने भरलेल्या वाघिणी तेथून दिल्लीकडे निघत. वडिलांचे बोट धरून मी त्या पाहिल्या आहेत. हिरव्या घडांचा आणि ओल्या पाल्याचा तो वास अजून कुठे आला तर मी वळून पाहतो.

वडील नोकरीसाठी पुण्याला आले. जमीन चुलतभाऊ अण्णा कसत राहिले. पुढे वडील गेले. दर वर्षी अण्णा हिशेब पाठवीत आणि मी तो न वाचता ड्रॉवरमध्ये ठेवी. अलीकडे अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यालगतच्या जमिनींना प्लॉटवाले विचारू लागले. आमच्या तुकड्यालाही भाव आला. मुलीच्या शिक्षणाचा खर्च समोर उभा होता. मी अण्णांना फोन केला. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “इक. तुही जमीन हाये. पन सही कऱ्याच्या आंधी एकदा भरीत खाऊन जा.”

मार्गशीर्षात मी निघालो. भुसावळला उतरून तापी ओलांडली. वाटेतले बामणोद वांग्यांसाठी प्रसिद्ध आहे. फिकट हिरवी, पांढुरक्या रेघांची, मुठीत न मावणारी ही वांगी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे अण्णांच्या नातवाने मला मोठ्या अभिमानाने सांगितले.

खानदेशात भरीत घरात करीत नाहीत, निदान पाहुण्यांसाठी तरी नाही. ते शेतात होते. थंडी पडली की कोणाच्या ना कोणाच्या मळ्यात आगटी पेटलेली दिसते. दिवस मावळता आम्ही मळ्यात पोचलो तेव्हा गावातले दहा-बारा जण आधीच जमले होते. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा ढीग पेटवला होता. वांग्यांना तेलाचा हात लावून ती देठांसकट जाळात टाकली गेली. पऱ्हाट्यांचा जाळ भडकतो आणि चटकन ओसरतो. वांगे करपत नाही, पण धूर त्याच्या गाभ्यापर्यंत जातो. गॅसच्या चुलीवर हे साधत नाही. माझ्या पत्नीने वीस वर्षे प्रयत्न केला आहे.

साल काढलेली वांगी बडजीत पडली. बडजी म्हणजे भरीत ठेचण्याचे लाकडी भांडे. सोबत भाजलेल्या हिरव्या मिरच्या. दोघांनी मुसळे घेतली आणि धप् धप् आवाज सुरू झाला. तिकडे वहिनींनी कढईत तेल तापवले. शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, लसूण आणि शेवटी कांद्याची पात व कोथिंबीर. पलीकडे कळण्याच्या पुऱ्या तळल्या जात होत्या. ज्वारी आणि उडीद एकत्र दळले की त्याला कळणा म्हणतात.

पंगत बसली ती बांधावर. पुढ्यात केळीचे ताजे पान. प्रथम कच्चा मुळा आणि पातीचा कांदा आला, मग वाफाळते भरीत, मग पुऱ्या, मग डाळीचे उकडलेले फुणके आणि त्यांवर कढी. मी मनातल्या मनात मोजत होतो: एक, दोन, तीन, चार. क्रम इथेही ठरलेला होता आणि निवड इथेही कोणी विचारली नाही. मात्र वाकून जन्मकथा सांगणारे कोणी नव्हते. जो तो ती कथा जाणत होता. अडाणी असा मी एकटाच होतो. शेजारच्या म्हाताऱ्याने ते ओळखले असावे. तो मला एकेक गोष्ट सांगू लागला.

पूर्वीची बसराई केळ अठरा महिने घेई; आता ग्रँड नैनचे ऊतीसंवर्धित रोप वर्षाच्या आत-बाहेर घड देते. लागवड दोन हंगामांत: पावसाच्या तोंडाची ती मृगबाग, दिवाळीच्या सुमाराची ती कांदेबाग. मे-जूनच्या एका वावटळीत उभी बाग आडवी होते. कुकुंबर मोझॅक नावाचा रोग आला की झाडे उपटून टाकण्यावाचून इलाज नसतो. भाव बऱ्हाणपूरच्या बाजाराकडे पाहून हलतो. “आनि पानी,” तो म्हणाला, “पानी तं खाली खालीच चाललं.” आमच्या आजोबांच्या विहिरीत दोराने पाणी निघे. ती आज कोरडी आहे आणि बोअर कित्येक शे फुटांवर गेला आहे. अण्णांच्या ज्या हिशेबांना मी ड्रॉवर दाखवला होता, त्यांत हेच सगळे लिहिलेले असणार.

“एवढं सगळं असताना अण्णा जमीन का कसतात?” मी विचारले.

म्हाताऱ्याने माझ्याकडे असे पाहिले की, मराठीचा प्राध्यापक असून मला मराठी समजत नाही असे मला वाटले. अर्थात ते मराठीही निराळेच. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ साली छापून आली तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने ज्या बोलीला मान डोलावली, ती ही बोली. मी वर्गात बहिणाबाई शिकवतो. अण्णांचा फोन आला की मात्र शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून दार लोटून घेतो. शाळेत माझ्या ‘मले-तुले’ला मुले हसत, तेव्हापासूनची ही सवय. त्याच काळात मी डब्यात कळण्याची भाकरी नेणेही बंद केले होते.

शेवटी अण्णा उठले आणि बागेत शिरले. परत आले ते झाडावर पिकलेली चार केळी घेऊन. व्यापारी घड हिरवाच नेतो. झाडावर पिकलेले केळ फक्त मालकाला आणि पाखरांना मिळते. माझ्या पानावर एक केळ ठेवीत ते म्हणाले, “काका असेच ठेवायचे तुह्यासाठी.” मला हे मुळीच आठवत नव्हते. पण साल सोलताच जो वास आला, तो आठवत होता.

जमिनीबद्दल अण्णा एक अक्षरही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच विषय काढला. प्लॉटवाल्याचा भाव देणे त्यांच्या आवाक्याबाहेर होते. जे त्यांच्या आवाक्यात होते, त्यावर आम्ही दोघांनी मान हलवली: पाच हप्ते, दर केळीच्या काढणीला एक. पुण्याला आल्यावर मी मुलीच्या शिक्षणासाठी बँकेचे कर्ज काढले. पत्नी आठ दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तिचे चुकले असे मी म्हणणार नाही. हिशेब तिला कळतो.

त्या भरिताचे आमंत्रण निव्वळ प्रेमाचे होते की त्यात थोडा धोरणीपणाही होता, हा प्रश्न मित्र मला विचारतात. मी अण्णांना विचारलेले नाही. दोन्ही असेल. कुणब्याने जमिनीसाठी एवढेही करू नये काय?

पहिला हप्ता यंदा आला. रक्कम ठरल्याच्या निम्मी होती. सोबत खुणेचा कागद: ‘बऱ्हाणपूरचा भाव पडला आहे. उरलेले पुढच्या काढणीला.’ हा कागद मी नीट वाचला. मग ड्रॉवर उघडून जुनेही सगळे बाहेर काढले आणि तारखेप्रमाणे लावून ठेवले.