शेवटी ती जगते का?

आमच्या पुण्यातल्या वाचनकट्ट्यावर क्वीअर फँटसी किंवा हॉररचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघतात. मी स्वतः क्वीअर गोतावळ्यातली, आणि भयकथांचं वेड नारायण धारपांनी शाळेतच लावलेलं. कुणी पुस्तक मागितलं की मी आधी विचारते, भीती कशाची हवी? रक्ताची, ओसाड वाड्याची, की माणसांची?

धारप कोळून प्यायलेल्या एका काकांना वाडा हवा होता. त्यांना मी शेरिडन ल फॅन्यूची ‘कार्मिला’ दिली. १८७२ची, म्हणजे ‘ड्रॅक्युला’च्या २५ वर्षं आधीची. स्टायरियाच्या जंगलातली एकाकी गढी, तिथे वडिलांबरोबर राहणारी लॉरा आणि गाडीच्या अपघातानंतर तिच्या घरी राहायला आलेली देखणी पाहुणी. दोघींमधली ओढ आडपडदा न ठेवता लिहिलेली आहे. ‘क्वीअर’ हा शब्द मी उच्चारलाच नव्हता. वाचून झाल्यावर काका म्हणाले, “पिशाच झकास आहे. पण अगं, सगळं संपल्यावरही ती पोरगी तिला विसरत नाही, ते जास्त भयानक!” इतकं नेमकं परीक्षण मला जमलं नसतं.

कट्ट्यावर नव्याने येऊ लागलेल्या एका मुलीचा प्रश्न मात्र माझ्या यादीत नव्हता. सगळे चहाला उठले तेव्हा तिने हळूच विचारलं, “ताई, या पुस्तकांतल्या बायका शेवटी जगतात का?”

आमच्याकडे शेवट फोडणं म्हणजे महापाप. पण तिचा प्रश्न मला पटकन कळला. आमच्यासारखी पात्रं गोष्टीत आली की ती वेडी होणार, जीव देणार किंवा मारली जाणार, हे वाचून-बघून आम्ही मोठ्या झालो. कार्मिलाचंही तेच. थडगं उघडून तिच्या छातीत खुंटी ठोकतात, मुंडकं उडवतात, आणि गाव सुटकेचा श्वास घेतं. इतर वाचकांसाठी तो पिशाचाचा बंदोबस्त असतो. वाढत्या वयात एकटीने वाचणाऱ्या मुलीला तो निकाल वाटू शकतो.

म्हणून तिला मी सरळ शेवटापासून पुस्तकं सांगितली. ताशा सुरी यांची ‘द जॅस्मिन थ्रोन’ (२०२१): चितेवर चढायला नकार दिला म्हणून भावाने पडक्या मंदिरात डांबलेली राजकन्या मालिनी, आणि अंगातली जादू लपवून तिथे मोलकरणीचं काम करणारी प्रिया. दोघी एकमेकींवर जीव टाकतात आणि एकमेकींना वापरूनही घेतात. “पहिल्या भागात दोघी जगतात. पुढे आणखी दोन आहेत, त्यांचं मात्र तूच बघ.” इंद्र दास यांची ‘द डिव्हावरर्स’ (२०१५) मी तिच्या हातात ठेवली नाही. कोलकात्यातला इतिहासाचा प्राध्यापक आणि स्वतःला अर्धा लांडगा म्हणवणारा अनोळखी पुरुष यांची ती गोष्ट अफाट आहे. पण शहाजहानच्या काळात घडणाऱ्या भागात बलात्कार आहे, आणि तेही मी आधीच सांगते.

शेवटी ती ज्युएल गोमेझ यांची ‘द गिल्डा स्टोरीज’ (१९९१) घेऊन गेली. १८५०च्या लुइझियानात गुलामीतून पळालेली काळी मुलगी व्हॅम्पायर होते आणि २०५०पर्यंत जगते. रक्त घेते, पण त्या माणसाच्या मनाला हवं असलेलं काहीतरी त्याला देऊन जाते. तिला ठार करून गाव वाचवायची वेळच येत नाही.

मग ते पुस्तक काकांकडे गेलं. त्यांचा शेरा: “भीती अजिबात वाटली नाही. बाई चांगली आहे पण.” भयकथेसाठी हा शेरा नापासाचाच. तरीही त्या मुलीच्या वयाच्या वाचकांना मी ‘कार्मिला’च्या आधी गिल्डाच देते, शेवट सांगून. कट्ट्यावरचे ओरडतात, त्यांना ओरडू दे.