एकशे अठराच्या पंधरा ओळी

माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे आमच्या मामांच्या खात्यावर केंद्र सरकारचे वर्षाला सहा हजार २०१९ पासून येतात. २०२३ च्या दिवाळीच्या तोंडावर राज्याने नमो शेतकरीचे आणखी सहा हजार सुरू केले. दोन-दोन हजारांचे हप्ते. हप्ता जमा झाला की मामा पुसेसावळीला जातात, खताचं पोतं आणतात, उरलेले बंडीच्या खिशात ठेवतात. त्यावर घरात कधी कुणी चकार शब्द काढला नाही. पण २०२४ च्या पावसाळ्यात मी लाडकी बहीणचा फॉर्म भरला, तेव्हा ते सोप्यात बसून चार माणसांदेखत म्हणाले, "फुकटाची सवय लागली की बाईमाणूस कामातनं जातं." त्या दिवशी मी सकाळपासून घेवडा भांगलून आले होते. हातांना माती तशीच होती.

आमचं रान अडीच एकर, खटाव तालुक्यात, सगळं मामांच्या नावावर. हे आणि मी कसतो. थोरली पोरगी, धाकटा पोरगा. माझं माहेर मिरज तालुक्यात, वारणाकाठी, तिकडं ऊस आणि इकडं आभाळाकडं डोळे. लग्न होऊन इकडे आले आणि बारावीचं सर्टिफिकेट ट्रंकेत गेलं. एवढं पुरे.

पोरगी २०२४ ला दहावी पास झाली. कराडला अकरावी सायन्स घेतलं. लोक म्हणतात, मुलींना आता सगळं फुकट आहे. बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट, हे खरं. खेड्यातल्या पोरी शाळेत टिकल्या त्या त्या पासामुळेच, असं मला वाटतं. पुढं इंजिनिअरिंगसारखं शिक्षण घेतलं तर आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची फी सरकार भरतं, तेही २०२४ पासून. पण शिक्षण म्हणजे नुसती फी नसते. प्रॅक्टिकलच्या वह्या, ॲप्रन, डिसेक्शन बॉक्स, झेरॉक्स, दाखल्यांचे पैसे, पावसात फाटलेलं दप्तर, आणि एसटी चुकली की वडापचं भाडं. यातल्या एकाचीही सवलत मागायला कुठं अर्ज नसतो. हे सगळं रोख लागतं आणि त्या दिवशी लागतं. शेतकऱ्याच्या घरात रोख पैसा पीक विकल्यावर येतो. कॉलेजच्या तारखा मात्र पीक निघायची वाट बघत नाहीत.

म्हणून मी लाडकी बहीणच्या पैशांवर डोळा ठेवून होते. महिन्याला पंधराशे, म्हणजे जुलै-ऑगस्टचे मिळून तीन हजार राखीपौर्णिमेच्या आधी येणार होते. वाडीतल्या बायकांचे मोबाईल वाजायला लागले. माझा वाजला नाही. फॉर्मवर मी बचत गटामुळे काढलेल्या खात्याचा नंबर दिला होता, तिथं काही जमा नव्हतं. अंगणवाडीच्या ताईंनी फॉर्म मंजूर दाखवला. शेवटी सेतू केंद्रातल्या पोरानं माझं आधार तपासलं आणि म्हणाला, "काकी, तुमचं आधार तिसऱ्याच बँकेला जोडलंय."

हे नीट सांगते, कारण कितीतरी बायकांचं असं झालंय. सरकारचे पैसे आपण फॉर्मवर लिहिलेल्या खात्यावर येतीलच असं नाही. आधार शेवटचं ज्या खात्याला जोडलं असेल, तिथं ते जातात. माझं आधार जोडलेलं खातं २०१५ मध्ये गॅसच्या सबसिडीसाठी ह्यांनी माझ्या नावानं कराडला काढलेलं होतं. शून्य शिल्लकीचं जनधन नव्हे, साधं बचत खातं. २०२० नंतर सबसिडी यायची बंद झाली आणि ते खातं मी विसरूनच गेले. पासबुक देवळीत हळदी-कुंकवाच्या डब्याखाली होतं.

बँकेत गेले तर आधी सांगितलं, खातं बंद पडलंय, केवायसी करा. फोटो, आधार, पॅन. फोटो घरी राहिले होते म्हणून परत जावं लागलं. केवायसी झाली, तर दोन दिवसांनी या. दोन दिवसांनी गेले, तर नेट नाही. बाकावर माझ्यासारख्याच बायका होत्या, कुणी पाटणच्या, कुणी कडेगावच्या. कडेगावची एक तर कडेवर लेकरू घेऊन आली होती, तिला कुणी बसायलाही सांगत नव्हतं. शेवटी माझं पासबुक मशीनमधून खरखरत बाहेर आलं. वर एक ओळ: जमा ३,०००. तिच्याखाली ओळीनं एकशे अठरा, एकशे अठरा, एकशे अठरा. मी बोटानं मोजल्या. पंधरा. म्हणजे सतराशे सत्तर रुपये गेले, उरले बाराशे तीस.

विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "किमान शिल्लक ठेवली नव्हती मावशी. शंभर रुपये दंड आणि अठरा रुपये जीएसटी. सिस्टीमच कापते, आमच्या हातात नसतं." वयानं तो माझ्याहून आठ-दहा वर्षांनीच लहान असेल, पण मावशी. मी म्हटलं, खात्यात काही नव्हतं तर दंड कशावर लावला? काही होतं म्हणून दंड, की नव्हतं म्हणून? तो पुढच्या बाईचं पासबुक मशीनमध्ये घालत होता.

त्या आठवड्यात बँकांनी हे पैसे कापू नयेत असं सरकारनं सांगितल्याच्या बातम्या येत होत्या. माझे तर कापून झाले होते. कॉलेजात पैसे भरायची तारीख जवळ होती. गटातून तीन हजार उचलले, महिन्याला दोन टक्के व्याजानं, आणि भरले. पोरीला काही सांगितलं नाही, पण तिला कळलंच.

गावातले एक निवृत्त गुरुजी आहेत, त्यांना पासबुक दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळ्या ओळी वाचल्या आणि मला दोन गोष्टी सांगितल्या. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय धरतात आणि त्याला किमान शिल्लकीचा दंड लावायचा नसतो, असा रिझर्व्ह बँकेचा २०१४ पासूनचा नियम आहे. आणि निव्वळ अशा दंडापायी बचत खातं उणे होऊ द्यायचं नाही, हा दुसरा. त्यांनीच अर्ज लिहून दिला. बँकेनं तो घेतला, पोच द्यायला मात्र का-कू केलं. मी हललेच नाही, तेव्हा शिक्का मारला. दसऱ्याच्या आसपास सतराशे सत्तर परत जमा झाले. ना कुणाचा फोन, ना चूक झाली असा एक शब्द. दोन महिन्यांचं व्याज एकशे वीस रुपये झालं होतं, ते माझ्याच पदरचं गेलं. रक्कम चहा-पाण्याची आहे, मला कळतं. तरी ते एकशे वीस मी सोडलेले नाहीत.

आता मामांकडे वळते. ते रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात राहून शिकलेले. साठच्या दशकात, कमवा आणि शिका योजनेत. शेतात राबले, विहिरीचा गाळ काढला, भाकरी थापल्या. त्यांच्या दृष्टीनं शिक्षण म्हणजे घामाची किंमत मोजून घ्यायची वस्तू. पोरगी आठवीत एनएमएमएस शिष्यवृत्तीच्या परीक्षेत पास झाली, नववीपासून वर्षाला बारा हजार मिळायला लागले, तेव्हा मामांनी अख्ख्या आळीत पेढे वाटले. ते तिनं कमावलेले. त्यांच्या खात्यावरचे सहा अधिक सहा हजार म्हणजे शेतकऱ्याचा हक्क. आणि माझे पंधराशे तेवढे फुकटाचे!

मी एकदा त्यांना म्हटलं, मामा, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काल्याला रयतची स्थापना केली, पण त्याच्या आधीच माझ्या माहेराजवळ दुधगावला त्यांनी सोबत्यांसह विद्यार्थ्यांचा आश्रम काढला होता. तिथं घरोघरच्या बायका रोज मूठभर धान्य बाजूला काढायच्या, मुष्टिफंड म्हणून. साताऱ्याच्या बोर्डिंगातली पोरं उपाशी राहू नयेत म्हणून कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. पोरं राबली हे खरंच, पण त्या पोरांच्या ताटात आधी कुणा बाईनं काहीतरी टाकलेलं होतं. मामा काही बोलले नाहीत. ते गप्प बसले म्हणजे त्यांना पटलं असं समजायचं कारण नाही.

पण खरं सांगायचं, तर माझंही मन या पैशांबद्दल एक नाही. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली, ती ४ मे २०२४ ला उठली. आमचा सत्तर क्विंटल कांदा नेमका त्या मधल्या काळात निघाला. क्विंटलला तीन हजार धरून चाललो होतो, हातात पडले चौदाशे. पोरीनंच वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला: एक लाख बारा हजारांचा फटका. मामांचे बारा आणि माझे अठरा मिळून वर्षाचे तीस हजार. म्हणजे एका कांद्यात आमची पावणेचार वर्षांची मदत गेली. हे बघितलं की वाटतं, नको तुमचे पैसे, माल विकायची वाट तेवढी मोकळी ठेवा.

मग रात्री दुसरा विचार येतो. कांद्याला भाव लागला असता, तर ते एक लाख बारा हजार आले असते कुणाच्या हातात? पाइपलाइन झाली असती, भावकीतलं एखादं देणं फिटलं असतं. कराडची खोली झाली असती का? बारावीला एसटीच्या वेळा जमेनात, म्हणून पोरगी चौघींत खोली घेऊन राहायला लागली. तिच्या वाट्याचं भाडं पंधराशे. ते मी कुणाला न विचारता देते. हप्ता लांबला की गटातून उचलते आणि आला की फेडते. लांबतो तर नेहमीच. ज्या घरमालकीणबाई पाच तारखेला भाडं मागतात, त्यांना सरकारचा हप्ता कधी येणार हे मी कसं सांगू? आधी मला हे पैसे घ्यायची लाज वाटायची. आता चार दिवस उशीर झाला तरी पगार थकल्यासारखा राग येतो. यातलं कुठलं चांगलं, मला ठरवता येत नाही.

गटातल्या बायकांना मी एकच सांगते. आपलं आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते आजच बघा. जुनं खातं लागत नसेल तर लेखी अर्ज देऊन बंद करा. पोच घेतल्याशिवाय उठू नका. आणि सरकारला सांगायचं तर, मी आधी म्हणायचे, हा पैसा निवडणुकीच्या तोंडावर नाही, जूनमध्ये द्या. सगळा एकदम द्या. आता म्हणत नाही. एकदम अठरा हजार घरात आले, तर ते खोलीपर्यंत पोचायच्या आत त्यांना दहा वाटा फुटतील. महिन्याचे पंधराशे कुणाच्या नजरेत भरत नाहीत, हेच बरं.

२०२५ च्या सप्टेंबरात ई-केवायसी सक्तीची झाली. आता नुसतं माझं आधार चालत नाही, नवऱ्याचंही लागतं. ओटीपी ह्यांच्या मोबाईलवर येणार आणि हे रानात, मोबाईल बंद. दोनदा वेळ निघून गेली. तिसऱ्या वेळी मामांनीच बांधावर जाऊन ह्यांना हाक मारली, "अरे, नंबर सांग तिला, पोरीचं भाडं थकंल." फुकटाचं ते अजूनही म्हणतात. परवाही म्हणाले.